आहारातील तेले आणि संधिवाताभ संधिशोथ

आहारातील तेले आणि संधिवाताभ संधिशोथ यांचा परस्परसंबंध हा पोषणशास्त्र व संधिवातशास्त्र यांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. संधिवाताभ संधिशोथ, म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा स्वयंप्रतिकार गटातील दाहक आजार आहे. भूमध्यसागरी प्रदेशातील ऑलिव्ह तेल आणि समुद्री माशांतील ओमेगा-३ मेदाम्ले यांचा या आजारावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास प्रामुख्याने युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे झाला. त्यातून निघालेले निष्कर्ष नारळ, मासळी, शेंगदाणा व कोकम यांवर पोसलेल्या कोकणच्या आहाराला जसेच्या तसे लागू होत नाहीत. या लेखात हा फरक अलिबाग आणि रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीच्या संदर्भात मांडला आहे. आजवरच्या पुराव्यानुसार योग्य आहार हा औषधोपचाराला पूरक ठरू शकतो. तो औषधाची जागा घेत नाही.

## आजाराचे स्वरूप

शरीराची प्रतिकारयंत्रणा सामान्यतः जंतूंवर हल्ला करते. स्वयंप्रतिकार आजारांत ती स्वतःच्याच ऊतींना परके समजते. संधिवाताभ संधिशोथात हा हल्ला मुख्यत्वे सांध्याच्या आतील अस्तरावर, म्हणजे संधिकलेवर होतो. संधिकला सुजते, जाड होते आणि हळूहळू लगतची कूर्चा व हाड पोखरू लागते. हातापायांच्या बोटांचे लहान सांधे, मनगटे व गुडघे दोन्ही बाजूंना दुखणे आणि सकाळी बराच वेळ सांधे आखडलेले असणे ही त्याची ओळखीची लक्षणे आहेत. वाढत्या वयात सांध्यांची झीज होऊन होणारा संधिवात हा वेगळा विकार आहे. बोलीभाषेत दोहोंनाही ‘संधिवात’ म्हटले जात असल्याने उपचारांबाबत पुष्कळ गोंधळ होतो. आयुर्वेदातील ‘आमवात’ या संज्ञेशी संधिवाताभ संधिशोथाची तुलना केली जाते.

महाराष्ट्रातील या आजाराच्या प्रमाणाची विश्वसनीय माहिती पुणे जिल्ह्यातील भिगवण येथील पाहणीतून मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमांतर्गत डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही पाहणी सुरू केली. ४,०९२ प्रौढांच्या या पाहणीत सुमारे १८ टक्के व्यक्तींना सांधे, स्नायू वा हाडांच्या तक्रारी आढळल्या, तर संधिवाताभ संधिशोथाचे प्रमाण ०.५ टक्के, म्हणजे दर २०० प्रौढांमागे एक, इतके होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार दोन ते तीन पटींनी अधिक आढळतो.

## तेल आणि दाह यांचा संबंध

आहारातील मेदाम्ले पेशींच्या आवरणाचा भाग बनतात. पेशीला इजा झाली किंवा प्रतिकारयंत्रणेचा इशारा मिळाला, की या आवरणातील मेदाम्ले सुटी होतात आणि विकरांच्या साहाय्याने त्यांपासून दाह नियंत्रित करणारी रसायने तयार होतात. ओमेगा-६ गटातील ॲराकिडॉनिक आम्लापासून सायक्लोऑक्सिजनेज या विकरामार्फत प्रोस्टाग्लँडिने तयार होतात. सूज, वेदना व उष्णता यांना ती मोठ्या प्रमाणात कारणीभूत असतात. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके याच विकराचे कार्य रोखतात.

ओमेगा-३ गटातील ईपीए आणि डीएचए ही मेदाम्ले त्याच विकरांसाठी ॲराकिडॉनिक आम्लाशी स्पर्धा करतात. त्यांच्यापासून तयार होणारी काही रसायने कमी दाहकारक असतात, तर रिझॉल्व्हिन गटातील रसायने सुरू झालेला दाह शमवण्यास मदत करतात. कोणत्या प्रकारची मेदाम्ले आहारात येतात याचा दाहाशी संबंध असतो, तो या कारणाने. मात्र वेदना घडवणारी प्रक्रिया आणि हाड पोखरणारी प्रक्रिया या पूर्णपणे एक नाहीत. प्रोस्टाग्लँडिने कमी झाल्यास दुखणे कमी होते. परंतु प्रतिकारपेशी व त्यांनी सोडलेली सायटोकाइने यांमुळे होणारी सांध्याची हानी तेवढ्याने थांबत नाही.

## ऑलिव्ह तेल

### घटक

ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल हे एक-असंपृक्त मेदाम्ल साधारण ५५ ते ८३ टक्के असते. उरलेल्या भागातील एक-दोन टक्क्यांत मेदाम्लांखेरीजची अनेक संयुगे येतात. त्यांपैकी हायड्रॉक्सिटायरोसोल, टायरोसोल, ओलिओकॅन्थल व ओलिएसिन ही फिनॉल गटातील संयुगे दाहाच्या दृष्टीने विशेष अभ्यासली गेली आहेत. फळे यांत्रिक पद्धतीने गाळून, रसायने न वापरता मिळवलेल्या आणि मुक्त आम्लता ०.८ टक्क्यांपेक्षा अधिक नसलेल्या तेलाला एक्स्ट्रा व्हर्जिन हा दर्जा मिळतो. शुद्धीकरण केलेल्या ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल टिकून राहते, परंतु फिनॉल संयुगे बव्हंशी नष्ट होतात. म्हणून ‘ऑलिव्ह तेल’ असा एकच शब्द वापरून केलेले आरोग्यविषयक दावे अपुरे ठरतात.

युरोपीय महासंघाने २०१२ च्या नियमावलीत ऑलिव्हमधील फिनॉलांबाबत एका मर्यादित दाव्यास मान्यता दिली. २० ग्रॅम तेलात हायड्रॉक्सिटायरोसोल व त्याची संबंधित संयुगे किमान ५ मिलिग्रॅम असल्यास, ते तेल रक्तातील स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरणापासून संरक्षण करण्यास हातभार लावते, असे वेष्टनावर म्हणता येते. सांध्यांच्या आजारांबाबतचा कोणताही दावा त्यात समाविष्ट नाही.

### ओलिओकॅन्थल

ताजे एक्स्ट्रा व्हर्जिन तेल नुसते चाखल्यास घशाच्या मागच्या भागात झणझणते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरचे गॅरी बोशाँ यांना सिसिलीत असे तेल चाखताना आलेला हा अनुभव द्रवरूप आयब्युप्रोफेनच्या चवीशी जुळणारा वाटला. त्यातून सुरू झालेले संशोधन २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. झणझणणाऱ्या संयुगाला ओलिओकॅन्थल हे नाव देण्यात आले आणि ते आयब्युप्रोफेनप्रमाणेच सायक्लोऑक्सिजनेज विकरांना रोखते, असे दिसून आले.

याच शोधनिबंधातील गणित अनेकदा दुर्लक्षिले जाते. रोज ५० ग्रॅम तेल घेतल्यास शरीरात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम ओलिओकॅन्थल जाते, आणि ही मात्रा प्रौढांना वेदनाशमनासाठी सुचवलेल्या आयब्युप्रोफेनच्या मात्रेच्या सुमारे एक दशांश आहे, असे लेखकांनी नमूद केले होते. दीर्घकाळ घेतलेल्या अल्प मात्रेचा काही परिणाम होत असावा, हा त्यांचा मुद्दा होता. ५० ग्रॅम तेलातून सुमारे ४५० किलोकॅलरी ऊर्जा मिळते, हेही लक्षात घ्यावे लागते. शिवाय आयब्युप्रोफेन स्वतःच या आजारात केवळ वेदना व सूज कमी करते, सांध्याची झीज थांबवत नाही. त्यामुळे त्याच्याशी साधर्म्य असलेल्या संयुगाकडून त्याहून अधिक अपेक्षा या निष्कर्षातून निघत नाही.

### प्राणी व माणसांवरील अभ्यास

स्पेनमधील सेव्हिल विद्यापीठातील संशोधकांनी संधिशोथ घडवून आणलेल्या उंदरांना ऑलिव्ह तेलातील फिनॉलांचा अर्क दिला असता सांध्यांची सूज व हानी कमी झाल्याचे आढळले. तथापि, उंदरांत कृत्रिमरीत्या घडवलेला आजार आणि माणसात वर्षानुवर्षे चालणारा आजार यांत मोठे अंतर असते.

माणसांवरील अभ्यासांपैकी ग्रीसमधील १९९९ चा अभ्यास विशेष उद्धृत केला जातो. त्यात १४५ रुग्ण व १८८ निरोगी व्यक्तींच्या आहाराची तुलना करण्यात आली. ऑलिव्ह तेल सर्वाधिक खाणाऱ्या गटात आजाराची शक्यता सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ६१ टक्क्यांनी कमी दिसली. परंतु हा अभ्यास रुग्णांच्या आठवणींवर आधारलेला होता. अशा अभ्यासातून सहसंबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. स्वीडनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५१ रुग्णांपैकी निम्म्यांना १२ आठवडे भूमध्यसागरी पद्धतीचा आहार देण्यात आला. त्यांच्या आजाराची तीव्रता मोजणाऱ्या निर्देशांकात माफक, पण मोजता येण्याजोगी घट झाली. या आहारात ऑलिव्ह तेलाबरोबरच भाज्या, फळे, कडधान्ये व मासे यांचाही समावेश असल्याने परिणामाचे श्रेय एकट्या तेलाला देता येत नाही.

## मासळीतील ओमेगा-३

संधिवाताभ संधिशोथाच्या बाबतीत ऑलिव्ह तेलापेक्षा माशांच्या तेलाचा पुरावा अधिक भक्कम आहे. अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात रोज २.७ ग्रॅम किंवा अधिक ओमेगा-३ किमान तीन महिने घेतल्यास वेदनाशामक गोळ्यांची गरज कमी होते, असे आढळले. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुकताच आजार सुरू झालेल्या रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत रोज ५.५ ग्रॅम ईपीए व डीएचए देण्यात आले. अल्प मात्रा घेणाऱ्यांच्या तुलनेत या गटात औषधे अपयशी ठरण्याचे प्रमाण कमी होते आणि आजार लवकर आटोक्यात आला. दोन्ही गटांतील रुग्णांची मूळ औषधे चालू होती, ही या अभ्यासातील महत्त्वाची बाब आहे.

आजार होऊ नये यासाठी लागणारी मात्रा कदाचित बरीच कमी असावी. स्वीडनमधील ३२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या दीर्घकालीन निरीक्षणात रोज सरासरी ०.२१ ग्रॅमपेक्षा अधिक ओमेगा-३ घेणाऱ्यांमध्ये हा आजार सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. आठवड्यातून एकदा चरबीयुक्त मासा खाल्ल्यास साधारण एवढी मात्रा मिळते. अमेरिकेतील ‘व्हायटल’ या २५,८७१ व्यक्तींच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रोज १ ग्रॅम माशांचे तेल घेणाऱ्यांमध्ये एकूण स्वयंप्रतिकार आजार १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता. त्याच प्रयोगात ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये २२ टक्के घट आढळली व ती निर्णायक होती.

## रायगड किनारपट्टीवरील आहार

### पार्श्वभूमी

ऑलिव्हच्या झाडाला फुलोऱ्यासाठी हिवाळ्यातील थंडीची गरज असल्याने कोकणच्या दमट, उष्ण हवेत त्याची लागवड होत नाही. भारतात राजस्थानात इस्राएलच्या तांत्रिक साहाय्याने ऑलिव्हची लागवड करण्यात आली. बाजारातील बहुतेक तेल मात्र आयात केलेले असते.

तेल हे त्या त्या भूमीचे असते, याचे उदाहरण अलिबाग परिसरातील बेने इस्राएल समाजाच्या इतिहासात सापडते. या ज्यू समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज इस्राएलच्या प्राचीन भूमीतून येत असताना अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून उतरले. ऑलिव्हच्या प्रदेशाशी नाते सांगणाऱ्या या समाजाने कोकणात स्थानिक तेलबियांचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत असल्याने त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले.

### खोबरेल आणि नारळ

आक्षी, नागाव, चौल व रेवदंडा ही गावे नारळ-सुपारीच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध आहेत. येथील स्वयंपाकात नारळ हा खोवलेले खोबरे, वाटण व नारळाचे दूध अशा रूपांत मुख्यतः येतो. खोबरेलाची घडण ऑलिव्ह तेलाच्या जवळजवळ उलट आहे. त्यात सुमारे ९० टक्के संपृक्त मेदाम्ले असून निम्म्याच्या आसपास वाटा लॉरिक आम्लाचा असतो. ओलेइक आम्ल १० टक्क्यांपेक्षा कमी असते. घाण्याच्या ताज्या खोबरेलात थोडी फिनॉल संयुगे असतात आणि प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांचे दाहशामक गुण दिसले आहेत. परंतु २०२० मधील एका एकत्रित विश्लेषणानुसार इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलामुळे रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल प्रति डेसिलिटर सुमारे १० मिलिग्रॅमने वाढते. संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असल्याने ही बाब त्यांच्यासाठी विशेष महत्त्वाची आहे.

### शेंगदाणा तेल आणि जवस

महाराष्ट्रात सर्रास वापरल्या जाणाऱ्या शेंगदाणा तेलात ओलेइक आम्लाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते. म्हणजे ऑलिव्ह तेलातील मुख्य मेदाम्ल मराठी स्वयंपाकघराला नवे नाही. ओलिओकॅन्थल व हायड्रॉक्सिटायरोसोल ही संयुगे मात्र त्यात नसतात. मासे न खाणाऱ्यांसाठी जवस हा ओमेगा-३ चा स्रोत आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. तथापि, शरीरात त्याचे ईपीए व डीएचए मध्ये रूपांतर फारच थोड्या प्रमाणात होते. त्यामुळे जवसाची चटणी पौष्टिक असली, तरी माशांच्या तेलावरील प्रयोगांचे निष्कर्ष तिला लावता येत नाहीत.

### मासळी

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ओमेगा-३ आपोआप भरपूर मिळते, हा समज अंशतःच खरा आहे. बोंबील, जवळा व कोळंबी ही रायगडच्या किनाऱ्यावरची नित्याची मासळी प्रथिनयुक्त असली, तरी चरबीने कमी असते. बोंबलाच्या मांसात तर बहुतांश पाणीच असते. ईपीए व डीएचए प्रामुख्याने तारली व बांगडा यांसारख्या तेलकट माशांत असतात. तारलीतील तेलाचे प्रमाण ऋतूनुसार मोठ्या प्रमाणात बदलते. हंगामातील तेलकट माशाच्या १०० ग्रॅम मांसातून साधारण १ ते २ ग्रॅम ओमेगा-३ मिळते असे धरल्यास, प्रयोगांत उपयुक्त ठरलेल्या २.७ ग्रॅम मात्रेसाठी रोज साधारण १३५ ते २७० ग्रॅम मासा खावा लागेल. आठवड्यातून एक-दोनदा केलेले कालवण आरोग्यदायी असले, तरी ती उपचाराची मात्रा होत नाही.

पावसाळ्यात, सामान्यतः १ जून ते ३१ जुलै या काळात, यांत्रिक मासेमारीला बंदी असते. या दिवसांत सुके बोंबील, सुका जवळा व सोडे खाल्ले जातात. खारवलेल्या मासळीत मिठाचे प्रमाण जास्त असते, आणि उन्हात वाळवताना हवेच्या संपर्काने ओमेगा-३ मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण होते. उच्च रक्तदाब असलेल्या रुग्णांनी सुक्या मासळीचे प्रमाण मर्यादित ठेवणे इष्ट ठरते.

### कोकम

कोकमाच्या सालीत गार्सिनॉल हे संयुग असते. बंगळूरू येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील तपस कुंडू यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवून दिले, की गार्सिनॉल पेशीतील हिस्टोन ॲसिटिलट्रान्सफरेज या विकराला रोखते आणि त्यामुळे अनेक जनुकांचे कार्य बदलते. दाहाशी संबंधित प्रक्रियांवरील त्याचा परिणामही पेशी व प्राण्यांवरील प्रयोगांत अभ्यासला गेला आहे. मात्र गार्सिनॉल पाण्यात फारसे विरघळत नाही; कोकम सरबताचा लाल रंग अँथोसायनिनांमुळे, तर आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लामुळे येतो. प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात वापरलेल्या संयुगाचा गुण सरबताच्या पेल्याला चिकटवणे म्हणून योग्य नाही. कोकमाच्या बियांपासून काढलेले मुठेल हे स्टिअरिक व ओलेइक आम्लांनी बनलेले घट्ट तूप असून त्याचा वापर प्रामुख्याने भेगाळलेल्या त्वचेवर होतो.

### पांढरा कांदा

भात कापणीनंतर अलिबाग तालुक्यात घेतल्या जाणाऱ्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कांद्यातील क्वेर्सेटिन या फिनॉल गटातील संयुगाचे दाहशामक गुण प्रसिद्ध आहेत. पण ते लाल व पिवळ्या कांद्यांत अधिक असते आणि पांढऱ्या जातींत अत्यल्प. सौम्य, गोडसर चव ही अलिबागच्या कांद्याची खरी ओळख आहे, औषधी गुण ही नव्हे.

## उपचारातील स्थान

संधिवाताभ संधिशोथात हाडांची हानी अनेकदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि झालेली हानी भरून येत नाही. म्हणून निदान होताच मेथोट्रेक्सेटसारखी आजाराची दिशा बदलणारी औषधे सुरू केली जातात. या आजारात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतू शकते. या औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. याच काळात ‘नैसर्गिक’ उपायांच्या आशेने औषध सोडले, तर वेदना काही दिवस कमी वाटूनही सांध्यांची हानी आतून चालू राहते.

अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत औषधोपचाराच्या जोडीने भूमध्यसागरी पद्धतीचा आहार सशर्त सुचवला आहे, तर इतर विशिष्ट आहारपद्धती व पूरक गोळ्या घेऊ नयेत, असे सशर्त मत दिले आहे. युरोपीय संधिवात संघटनेच्या शिफारशींनुसार कोणत्याही एका अन्नपदार्थाचा आजारावर मोठा परिणाम होण्याची शक्यता कमी आहे. दोन्ही ठिकाणी एका तेलापेक्षा एकूण आहारावर भर दिलेला दिसतो.

पूरक पदार्थही धोक्यापासून मुक्त नसतात. माशांच्या तेलाची मोठी मात्रा घेताना, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास, डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो. कोकमाच्याच कुळातील गार्सिनिया कॅम्बोजियापासून बनवलेल्या वजन घटवण्याच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे नोंदवली गेली आहेत. मेथोट्रेक्सेटमुळेही यकृतावर ताण येऊ शकत असल्याने दोन्ही एकत्र घेणे टाळावे. आमसूल किंवा सोलकढी यांचा नेहमीच्या आहारातील वापर ही वेगळी बाब आहे.

भूमध्यसागरी आहाराचे मर्म भाज्या, कडधान्ये, मासे, असंपृक्त तेल आणि मर्यादित मांस यांच्या मेळात आहे. रायगडच्या किनाऱ्यावर हाच मेळ वालाची उसळ, हिरव्या पालेभाज्या, तारली वा बांगड्याचे कमी तेलातील कालवण आणि माफक शेंगदाणा तेल यांतून साधता येतो. त्यासाठी महागडे आयात तेल अनिवार्य नाही. औषधाचा साप्ताहिक क्रम मात्र या बदलासोबत अखंड चालू ठेवणे आवश्यक असते.